तीन वर्षांची तांबी

“आता कशाला पाय मिटतेस? नवऱ्यापुढे मिटले असतेस तर इथे आली असतीस का?”

हे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी टेबलावर होते. लोखंडी टेबल, वर हिरवं रेक्झिन, मधोमध फाटलेलं. फाटलेल्या जागेतून काथ्या बाहेर आलेला. तो कमरेला टोचत होता. बाकी कुठे काय चाललंय ते मला नीट कळत नव्हतं. काथ्या टोचत होता हे मात्र पक्कं आठवतं.

सिस्टर हसली. दाराशी बसलेली आयापण हसली. त्यांना ते वाक्य पाठ असावं. माझ्या आधी आत गेलेल्या बाईच्या वेळीही मी बाहेरून तेच हसणं ऐकलं होतं.

मी एकवीस वर्षांची होते. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. तिसऱ्या महिन्यात पोट गेलं होतं. दोन दिवस अंगावरून जात होतं, तिसऱ्या दिवशी मळ्यात द्राक्षाच्या ओळीतच खाली बसले. नवऱ्याने मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रिकाम्या क्रेटवर बसवून आरोग्य केंद्रात आणलं. तो बाहेर झाडाखाली थांबला. पुरुषांना आत घेत नसत.

डॉक्टरीणबाईंनी पिशवी साफ केली. भूल नव्हती. मी ओरडले नाही. ओरडणाऱ्या बाईला काय ऐकावं लागतं ते मी बाहेर बसून ऐकलं होतं.

मग माझ्या पोटावरून त्या दोघी बोलल्या. वजनकाट्यावर पोतं ठेवून दोघं जण दोन बाजूंनी बोलतात तसं.

“ही पेठकडची ना?”

“हो मॅडम. मळ्यात कामाला आहेत. आदिवासी.”

“पोरं किती?”

“एक मुलगी.”

“मग हिला बसवून टाक. महिना संपत आला. तुझ्या किती झाल्या?”

“अकरा.”

“बारा कर.”

मी बारावी झाले. तेव्हा मला उद्दिष्ट हा शब्द माहीत नव्हता. प्रत्येक नर्सबाईला महिन्याला इतक्या तांब्या, इतकी ऑपरेशनं असा आकडा वरून येतो, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या दिवशी फक्त पोटात एक कळ आली. साफ करतानाच्या कळेपेक्षा वेगळी, बारीक, आत शिरून बसणारी.

सिस्टरने माझा डावा हात धरला. अंगठा शाईच्या पॅडवर दाबला, मग एका कागदावर. मी आडवीच होते. मी आश्रमशाळेत नववीपर्यंत शिकले आहे. मला सही येते. “मला सही येते” असं मी तेव्हा म्हणाले की नुसतं मनात आलं, ते आता सांगता येत नाही.

“झालं. ऊठ.”

“काय केलं?” मी विचारलं.

“तांबी बसवली. तीन वर्षं बघायला नको,” सिस्टर म्हणाली. मग जवळ येऊन, उपकार केल्यासारखं हळू आवाजात, “नवऱ्याला सांगू नको बरं. पिऊन येईल आणि मारेल उगाच.”

माझा नवरा पीत नव्हता. हेही मी बोलले नाही.

हातात कागद नाही, कार्ड नाही. टेबलावरून उतरले, लुगडं नीट केलं, बाहेर आले. नवऱ्याने विचारलं, “झालं?” मी म्हणाले, “झालं.” ट्रॉलीतून परत मळ्यात.

आम्ही दिंडोरीच्या बाजूला आमच्या मालकांच्या, नानांच्या द्राक्षबागेत राहायचो. पेठच्या डोंगरातून आमची माणसं भात काढून झालं की खाली उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परत जातात. आम्ही दोघं परत जात नव्हतो. बारा महिने मळ्यातल्या खोलीतच. गावाला सासू आणि थोडी जमीन.

आता खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते. पहिली दोन वर्षं मला बरं वाटलं. अंग थकलं होतं. मुलगी लहान होती. तीन वर्षं पोटाची भीती नाही, तर नाही. मला विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हणाले असते. विचारलं नाही, एवढंच.

तारीख कुठे लिहिलेली नव्हती म्हणून मी छाटण्या मोजल्या. द्राक्षाची छाटणी वर्षात दोनदा. एप्रिलात खरड, ती काडी तयार व्हायला. ऑक्टोबरात गोडी, ती फळाला. मला तांबी बसवली ती गोडी छाटणी नुकतीच उरकली होती तेव्हा. म्हणून मी गोड्या मोजल्या. एक. दोन. तीन.

तिसरी गोडी झाली आणि मी आरोग्य केंद्रात गेले. एकटी, चालत. मुलगी पाच वर्षांची झाली होती. सासू गावाहून निरोप पाठवत होती. आणि मलाही मूल हवं होतं. दुसऱ्या कोणासाठी नाही, मला.

डॉक्टरीणबाई बदलून गेल्या होत्या. नवे डॉक्टर तरुण होते, सोनेरी काडीचा चष्मा होता, शर्टाला इस्त्री होती. सिस्टर तीच.

“कशाला काढायची?” डॉक्टरांनी विचारलं. वर न बघता.

“मूल पाहिजे.”

“आहे ना एक?”

“हाय.”

“मग पुरे की. खायला घालायचंय का नाही? तुम्हा लोकांना रॉकेल मिळत नाही म्हणून दिवे लवकर घालवता आणि मग आमच्याकडे रांग लावता.”

सिस्टर हसली. या वेळी आया नव्हती.

“तिची मुदत संपली,” मी म्हणाले. “तीन वर्षांची होती. सिस्टर म्हणाल्या होत्या.”

“मी कुठे म्हणाले?” सिस्टर.

“पाच वर्षंसुद्धा चालते,” डॉक्टर म्हणाले. “राहू दे. त्रास नाही ना? मग राहू दे.”

“मला काढायची.”

त्यांनी आता वर पाहिलं. सिस्टरला रजिस्टर काढायला सांगितलं. तिने पान शोधलं, बोट ठेवलं. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आणि त्यापुढे निळा अंगठा.

“हा अंगठा तुझाच ना? तुझ्या मर्जीनं बसवलीय. आता काढायची तर नवऱ्याला घेऊन ये. त्याची सही लागते.”

बसवताना नवरा बाहेर झाडाखाली होता, तेव्हा त्याला कुणी आत बोलावलं नाही. आता त्याची सही हवी. आणि नवऱ्याला तर ठाऊकच नाही. तीन वर्षं मी त्याच्यापासून लपवलंय. मी त्याला काय सांगून आणणार?

राग आला असं मी आता लिहू शकते. तेव्हा आला नव्हता. तेव्हा मी उन्हातून चालत मळ्यात आले, पदर खोचला आणि विरळणीला लागले. विरळणी म्हणजे घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेले मोठे होतात. हात वर करून दिवसभर उभं राहायचं. मान दुखते. त्या दिवशी दुखली नाही.

माझ्या शेजारच्या ओळीत हिरा होती. तीही पेठकडचीच, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी तिला सगळं सांगितलं. दवाखान्याबाहेर हे कळलेली ती पहिली बाई.

हिरा कात्री न थांबवता म्हणाली, “म्हंजी तुझी तांबी सरपंचाच्या खुर्चीवानी झाली. मुदत संपली तरी उठायचं नाव नाय.”

पलीकडच्या ओळीतल्या बायका हसल्या. मग सगळ्या बोलायला लागल्या. एकीच्या जावेची तांबी आपोआप पडली होती. एक म्हणाली, ती आत विरघळते. एक म्हणाली, ती काळजापर्यंत चढते. हिराने सगळ्यांना गप्प केलं.

“आगं, आवशिदाची तारीख गेल्यावर कीड मरती का? नाय मरत. गेल्या साली नानानं जुनं आवशीद मारलं, पानावरची भुरी हटली का? तांबीचं बी तेच. तीन वर्सं झाली ना? झाली. मंग मेली ती. आता नुसती पडून ऱ्हाईल. पोर व्हायचं ते व्हईल.”

हे आम्हा सगळ्यांना पटलं, आणि ते बायकांच्या ओळीतच राहिलं, पुरुषांपर्यंत गेलं नाही. आम्ही बागेतल्या बायका. औषधाच्या डब्यावरची तारीख आम्हाला कळायची. तारीख गेलेलं औषध म्हणजे पाणी, हे आम्ही पानावर बघितलं होतं. आमच्यासारख्यांनीच अशी चूक करावी. तांबीची मुदत संपते म्हणजे काय, हे ज्यांना सांगता आलं असतं त्यांनी सांगितलं नाही, म्हणून आम्ही आमच्याजवळ होतं त्या ज्ञानातून उत्तर काढलं. उत्तर चुकलं. मुदत गेलेली तांबीही आत असेपर्यंत मूल अडवू शकते.

मी परत आरोग्य केंद्रात गेले नाही. मेलेली वस्तू काढायला कशाला कुणाच्या पाया पडायचं? मी वाट बघत बसले.

चौथी गोडी. पाचवी. सहावी.

दर महिन्याला पाळी यायची. आधीपेक्षा जास्त जायचं. ओटीपोट दुखायचं. मी कापडं धुवायची, वाळवायची, कामाला जायची.

सासूने मला गावाला बोलावून भगताकडे नेलं. नारळ, कोंबडा, उदाचा धूर. भगताने डोळे मिटले आणि सांगितलं की बाहेरची बाधा आहे. मी मान खाली घालून बसले. सासू माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. ती मनाने वाईट नव्हती. मी तिला त्या क्षणी सांगू शकले असते. पण इतकी वर्षं लपवलं ते कसं सांगायचं, या विचारापाशी मी दर वेळी अडायची. बाई गुपचूप तांबी बसवून येते म्हणजे काय, याचा आमच्याकडे एकच अर्थ लावतात. माझ्याजवळ दुसरं काही दाखवायला नव्हतं. एक चिठ्ठीसुद्धा नाही.

एकदा नवऱ्याने विचारलं, “तुझ्यात काय दोष हाय का?”

मी म्हणाले, “म्हाईत नाय.”

सातव्या वर्षी त्याने दुसरी बायको केली. आमच्यात असं होतं, कुणी पोलीस बोलावत नाही. तिला गावाला सासूजवळ ठेवलं. वर्षाच्या आत तिला मूल झालं. मी बारशाला गेले. पाळण्याची दोरी ओढली, घुगऱ्या वाटल्या, भांडी घासली. परत येताना दिंडोरीच्या एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. बाहेर काय होतं ते आठवत नाही.

नवरा महिन्यातले पंधरा दिवस गावाला, पंधरा दिवस मळ्यात. त्यानंतर त्याने मला हात लावला नाही, मारायलाही नाही आणि जवळ घ्यायलाही नाही.

मग नानांची द्राक्षं परदेशात जायला लागली.

नानांचा मुलगा शेतकी कॉलेज शिकून आला होता. सगळे त्याला दादा म्हणायचे. एके दिवशी बागेत येऊन त्याने विचारलं, “इथे लिहिता-वाचता कुणाला येतं?” हिराने माझ्याकडे बोट केलं. दादा म्हणाला, “ताई, मग उद्यापासून फवारणीचं रजिस्टर तुम्ही भरायचं.”

लांब, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर. रकाने छापलेले. कोणता प्लॉट. कोणतं औषध. कशासाठी. कोणत्या दिवशी मारलं. कुणी मारलं. त्याचा अंश घडावर किती दिवस राहतो. त्याआधी तोडायचं नाही. मला ते काम आवडलं. अक्षर अजून चांगलं होतं.

एकदा एका प्लॉटची नोंद राहून गेली. फवारणी झाली, लिहिली गेली नाही. दादाने सगळ्यांना ओळीत उभं केलं. मला वेगळं बोलला नाही, पण माझ्याकडे बघून म्हणाला, “घडावर काय मारलंय आणि ते किती दिवस राहतं, हे लिहिलेलं नसेल तर त्या घडाला कुणी हात लावणार नाही. तिकडची माणसं आधी कागद बघतात, मग द्राक्ष तोंडात घालतात.”

मी रजिस्टर उघडून बसले. राहिलेली नोंद भरायची होती. औषधाचं नाव लिहिलं. तारीख लिहिली. किती दिवस राहतं, या रकान्यावर पेन थांबला.

रडू आलं नाही. काही फुटलं नाही. ते छापील शब्द मी पुन्हा वाचले. मग मागचं कोरं पान उघडलं आणि तेच रकाने आखले. काय घातलं: तांबी. कशासाठी: बारा आकडा करायला. कुणी: नाव माहीत नाही. कधी: गोडी छाटणीनंतर, दहा वर्षांपूर्वी. किती दिवस राहते. तो रकाना रिकामा राहिला. पान फाडलं, घडी घालून पोलक्यात ठेवलं. आणि दादाला सांगितलं की मला उद्या नाशिकला जायचंय, सुट्टी पाहिजे.

नाशिकचा दवाखाना मोठा. केसपेपरची रांग, मग बायकांच्या विभागाची रांग. तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, दोरा दिसत नाही, फोटो काढून या. तांबीला खाली दोरा असतो, त्याला धरून ती काढतात. माझा दोरा वर गेला होता. मी एक्स-रे काढून आणला.

मोठ्या मॅडमनी तो खिडकीच्या उजेडात धरला. भोवती पाच-सहा शिकाऊ डॉक्टर. मी मागे उभी होते, मलाही दिसलं. माझी हाडं, आणि हाडांच्या मधोमध बारीक पांढरी काडी, वर आडवी रेघ. एकदम स्पष्ट. दहा वर्षं भगताला दिसली नाही, मला दिसली नाही. ती होती.

“कधी बसवली?”

“दहा वर्षं झाली.”

“दहा?” मॅडम मुलांकडे वळल्या. “बघा. ही तीन वर्षांची असते. दहा वर्षं ठेवलीय. सांगितलेलं ऐकायचं नाही, तारखेला यायचं नाही. मग दोरा वर जातो, इन्फेक्शन होतं, आणि मग आपल्या डोक्याशी येतात. झोपली होतीस काय गं इतकी वर्षं?”

मुलं माझ्याकडे बघत होती. एक मुलगी वहीत लिहीत होती. मी घडीचा कागद काढायला पोलक्यात हात घातला, तोवर सिस्टरने मला टेबलाकडे ढकललं होतं.

दुखलं. लांब हूक असतो, तो आत घालून शोधतात. मी छताला बघत होते. ट्रेमध्ये काहीतरी पडल्याचा आवाज आला. मॅडम हातमोजे न काढता म्हणाल्या, “सिस्टर, नवीन द्या. आता दहा वर्षांची आलीय, तीच बसवू. परत दहा वर्षं कटकट नको.”

पाकीट फाडल्याचा आवाज मी ऐकला.

“थांबा,” मी म्हणाले.

“झालंच. थोडं दुखेल.”

“नवीन नको.”

“अगं, चांगली आहे. दहा वर्षांची आहे.”

“किती वर्षांची ते मी नाय विचारलं.”

“मग?”

“मला पाहिजे का, ते तुम्ही नाय विचारलं.”

आणि मी पाय मिटले. उठून बसले. टेबलावर रक्त होतं, लुगड्यावर होतं, मॅडमच्या हातात ती नवी पांढरी वस्तू होती. मुलांपैकी कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

“मग ये परत पोट घेऊन,” मॅडम म्हणाल्या.

“येईन. नाय तर नाय येणार. माझं मी बघीन.”

सिस्टर कागद आणि शाईचं पॅड घेऊन आली. “अंगठा दे.”

मी म्हणाले, “पेन द्या.” आणि आधी कागद वाचला. सावकाश, सगळा. त्यावर लिहिलेलं होतं, जुनी काढली, नवीन बसवली. मी टेबलावर चढायच्या आधीच लिहून ठेवलेलं.

“हे खोडा.”

“तुला वाचता येतं?” मॅडमनी विचारलं.

“तुम्ही लिहिलंय ते येतं.”

“बाई, बाहेर लाइन आहे,” सिस्टर म्हणाली.

“असू दे.”

मी हलले नाही. मॅडमनी ओळ खोडली. मी म्हणाले, खोडलं तिथे तुमची सही करा, आणि आता झालं ते लिहा. त्यांनी लिहिलं. मग मी खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. नंतर ट्रेमधली काढलेली तांबी बघितली. करंगळीएवढीही नव्हती. तांबं काळं पडलेलं. सिस्टरने विचारलं, घरी न्यायचीय का. मी म्हणाले, टाकून द्या.

त्यानंतर काही महिने औषधं झाली, तपासण्या झाल्या. दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही नळ्या बंद आहेत, आता मूल राहणं अवघड. मी विचारलं, कशामुळे. ते म्हणाले, पोट गेलं तेव्हा जंतू शिरले असतील, तांबी घाईत बसवली तेव्हा शिरले असतील, नंतर कधी झालं असेल, आता सांगता येणार नाही. निदान ते खोटं बोलले नाहीत. तांबी सगळ्यांना असं करत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मी तेही लक्षात ठेवलं.

नवरा गावाहून आला त्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं. पहिल्या टेबलापासून. तो द्राक्षाच्या मांडवाखाली बसून ऐकत होता. मी थांबल्यावर म्हणाला, “मला सांगायचं हुतंस.”

“सांगायला पाहिजे होतं.”

तो म्हणाला, “सही केली असती मी.”

एवढंच बोलला. उठून पाण्याची मोटर बंद करायला गेला. मी रजिस्टर घेतलं आणि त्या दिवशीची फवारणी भरली.

पुढे दोन वर्षांनी मी बाहेरून दहावीची परीक्षा दिली. आता द्राक्षं निवडून पेट्यांत भरतात त्या पॅकहाउसमध्ये चाळीस बायकांवर देखरेख करते. नवरा गावाला असतो, त्याचं तिकडे, माझं इकडे. मुलगी शिकतेय.

हिराची लेक सोनी बाळंत झाली ती दोन हजार सालानंतर आठ-नऊ वर्षांनी. दीड महिन्याने ती हिराबरोबर आरोग्य केंद्रात निघाली. तिला तांबी बसवायची होती, तिने स्वतः ठरवलं होतं. मी म्हणाले, मी येते. हिरा म्हणाली, “तू कशाला? तुला तिथलं तोंड तरी बघवंल का?” मी चप्पल घातली.

आतल्या डॉक्टरांनी, या वेळी आणखी एक तरुण, मला बघून विचारलं, “तुम्ही हिच्या कोण?”

“कोणी नाही.”

“मग बाहेर थांबा.”

“नाही थांबत. तिला काही विचारायचंय. तिने विचारलं, तुम्ही सांगितलं, की जाते.”

सोनीला आम्ही आदल्या दिवशी प्रश्न शिकवले होते. ती घाबरली होती, तरी बोलली.

“ही किती वर्सं चालती?”

“दहा.”

“मला तीन वर्सांनी काढायची असंल तर?”

“मग काढता येते,” डॉक्टर म्हणाले. “दहा ही वरची मर्यादा. त्याआधी कधीही या, काढून देऊ.”

कधीही. हा शब्द मी त्या खोलीत पहिल्यांदा ऐकला. सोनी माझ्याकडे बघत होती. पुढचा प्रश्न तिचा नव्हता, मी विचारला.

“काढायला नवऱ्याची सही लागते?”

“नाही,” ते म्हणाले. “कशाला लागेल? कधीच लागत नव्हती.”

त्यांनी ते सहज सांगितलं. सोनीने कार्डावर तारीख लिहून घेतली, किती वर्षांची ते लिहून घेतलं, कधीही काढता येईल हेही लिहून घेतलं. मग ती हो म्हणाली आणि मग टेबलावर चढली. तिची तांबी चांगली बसली. त्रास नाही.

तेव्हापासून पॅकहाउसमधली, मळ्यातली कुठलीही बाई दवाखान्यात निघाली की मला निरोप येतो. मी जाते. मला आत उभं राहायचा हक्क आहे का, हे मला माहीत नाही. काही ठिकाणी वॉचमनने बाहेर काढलं. एका ठिकाणी डॉक्टर म्हणाले, तुम्ही बायकांना बिघडवताय. मी दुसऱ्या दिवशी परत गेले. मी तांबी बसवू नका असं सांगत नाही. तीन वर्षं असोत, दहा असोत, ती त्या वस्तूची मुदत झाली. बाईची मुदत बाई ठरवेल. उद्या ठरवेल, परवा बदलेल. कारण देणार नाही.

माझी दहा वर्षं कुणी भरून देणार नाही, आणि मी मागतही नाही. पण यापुढे माझ्यासमोर, तिला विचारल्याशिवाय, एकाही बाईच्या अंगाला हात लागणार नाही. लागला तर तो हात मी धरीन.